फाट्यावर कुणालाही विचारा

जालना जिल्ह्यात लग्नपत्रिकेवर पत्ता छापण्याची एक ठरलेली रीत आहे. विवाहस्थळ म्हणून गावाचे नाव येते, खाली तालुका येतो, आणि पुढे घर कुठे, मंडप कुठे हे सांगण्याची वेळ आली की यजमान एकच वाक्य लिहितो : फाट्यावर उतरून कुणालाही विचारा. या वाक्यात पाहुण्याचा सन्मान आहे, गावाचा विश्वास आहे. विचारणारा कोण, हा प्रश्न मात्र त्या वाक्याला कधी पडलेला नसतो.

देवानंद मगरे यांना तो प्रश्न पंचवीस वर्षांपासून पडलेला होता. मोठ्या पुरानंतर नदीकाठावरून उठून उंचवट्यावर वसलेल्या नव्या पिंपळडोहाहून लग्नाची पत्रिका आली, तेव्हा त्यातले तेच वाक्य वाचून देवानंदने ती मिटली आणि बायकोला, कौसल्येला, सांगितले, "विचारायची गरज पडणार न्हाई. यंत्र आणतो."

कौसल्येने परातीतल्या कणकेवरून मान वर केली नाही. "कसलं यंत्र?"

"रस्ता दाखवायचं."

"तोंड हाय की तुम्हाला. फुकटचं यंत्र."

पण तिला माहीत होते की या बाबतीत नवऱ्याचे तोंड चालत नाही. शाळेत तो तासन्‌तास बोलत असे, शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या साहेबांना अडवत असे. रस्ता विचारायची वेळ आली की मात्र तो मुका होई. बदलीच्या निमित्ताने त्याने अर्धा जिल्हा पालथा घातला होता. वाटूरला पहिल्यांदा गेला तेव्हा तो चौफुलीवर उतरून उभाच राहिला आणि कानावर पाढ्यांचा आवाज आला तशी त्या आवाजाच्या रोखाने चालत शाळेत पोहोचला. हसनाबादेत पाढ्यांची वेळ टळून गेली होती, म्हणून गावाला पूर्ण वेढा घालावा लागला. सासुरवाडीच्या एका बारशाला तर तो कौसल्येला घेऊन असा फिरला की पाळण्याचा दोर ओढायच्या वेळी ही दोघे शेजारच्या गावात होती. नात्यागोत्यात त्याची थट्टा व्हायची. तो हसून घ्यायचा आणि कारण सांगायचा नाही. कारण कौसल्येला ठाऊक होते, आणि त्याच्या आईला, गिरिजाबाईंना.

एक्क्याऐंशी साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला, त्या वर्षी देवानंद शिक्षकाचा अभ्यासक्रम शिकत होता आणि संध्याकाळी जुन्या जालन्यातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसत होता. डाख लावणे, तार सोलणे, मुक्या पेटीतून आवाज बाहेर काढणे ही कामे त्याला मनापासून आवडत. पुढे त्याला नेमणूक मिळाली ती जुन्या पिंपळडोहाची. जूनमधल्या एका सकाळी घनसावंगीच्या पुढच्या फाट्यावर तो एसटीतून उतरला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन नदीकडच्या गाडीवाटेने गावात शिरला. वेशीजवळच्या पारावर चारपाच माणसे बसली होती. त्याने शाळा विचारली.

"कोण पाव्हणं?"

"नवीन मास्तर. आजच हजर व्हायचंय."

"बरं बरं. या की. आडनाव काय म्हणलं?"

"मगरे."

पारावर कुणी काही वावगे बोलले नाही. ज्याने आडनाव विचारले होते त्याने पंच्याच्या टोकाने मान पुसली आणि हात लांब करून रस्ता दाखवला. "असं सरळ जा. नाला लागंल. नाल्याच्या पल्याड."

देवानंद सरळ गेला, ट्रंक डोक्यावर घेऊन नाला उतरला. पलीकडे शाळा नव्हती. दहाबारा कुडाची घरे होती, एका खांबावर निळा झेंडा होता आणि दारात बसून गोजरबाई खिल्लारे नावाची एक बाई शेंगा फोडत होती. त्याने तिलाही शाळाच विचारली.

गोजरबाईने त्याच्याकडे नीट पाहून घेतले. "शाळा तर पाराच्या मागं हाय, बाबा. त्यांच्या पाठीशीच. तू त्यांच्या समोरूनच आल्ता ना?"

"त्यांनीच इकडं पाठवलं."

"नाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"मंग त्यांनी बराबर रस्ता सांगितला. तू इचारला तो न्हाई, त्यांना ठाऊक असलेला." ती उठली आणि आतून तांब्या घेऊन आली. "ट्रंक ठेव खाली. पिठलं हाय चुलीवर. शाळा काय पळून जायली न्हाई."

त्या पिठल्याची चव देवानंदच्या जिभेवर राहिली आणि पारावरचा तो लांब केलेला हात डोळ्यांपुढे राहिला. पारावरच्या माणसाने मुद्दाम फसवले असते, तर राग धरता आला असता. पण तो माणूस प्रामाणिक होता. मगरे आडनावाच्या माणसाला गावात आणखी कुठे जायचे असणार, अशी त्याची स्वच्छ समजूत होती. त्या समजुतीपुढे नेमणुकीचा कागद, ट्रंकेतली पुस्तके, तोंडाने स्पष्ट उच्चारलेला 'शाळा' हा शब्द, यांपैकी काहीही टिकले नव्हते. त्या दिवसापासून देवानंदने अनोळखी माणसाला रस्ता विचारणे सोडले.

गोजरबाईच्या घरी तो चार वर्षे राहिला. तिला मुलगा नव्हता; बेबीनंदा ही एकुलती लेक. बेबीनंदाने त्याला दादा म्हटले ते कायमचेच. आता, दोन हजार नऊच्या मे महिन्यात, त्याच बेबीनंदाच्या मुलीचे, संघमित्राचे, लग्न होते. नवरीला मामाने हाताला धरून मंडपात आणायचे आणि त्यानंतर त्रिशरण-पंचशील सुरू व्हायचे, ही तिकडची रीत. बेबीनंदाला भाऊ नाही. म्हणून गोजरबाईने फोनवर सांगितले होते, "मामा तूच. बाराच्या आत ये. तू आल्याबिगर पोरीला आत बसवून ठेवीन, पाव्हणे बोंबलले तरी बेहत्तर."

मागून बेबीनंदाचा आवाज आला होता, "दादा, गाव हाललंय बरं का! फाट्यावर कुणाला बी विचारा!"

"बरं," असे म्हणून देवानंदने फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी औरंगाबादची बस धरली.

मोटार त्याच्याकडे आधीपासून होती. दुसऱ्या हाताने घेतलेली पांढरी मारुती. तिच्यातला टेप कॅसेट गिळायचा आणि फिती बाहेर ओकायचा. औरंगाबादहून त्याने बाहेरचा आवाज आत घेणारे छिद्र असलेला एक नवा स्टिरिओ आणला, मागे बसवायचे दोन गोल स्पीकर आणले आणि तळहाताएवढे रस्ता दाखवायचे यंत्र आणले. त्या यंत्रात जिल्ह्याचे नकाशे होते, मेमरी कार्डावर गाणी साठवण्याची सोय होती आणि शुद्ध हिंदीत बोलणारी एक बाई होती. बसवून देण्याची दुकानदाराची तयारी त्याने नाकारली. रेडिओच्या दुकानात घालवलेल्या संध्याकाळी हाताला अजून आठवत होत्या.

शाळेला सुट्टी होती. अंगणातल्या लिंबाखाली मोटार उभी करून त्याने जुना टेप उपसला, तेव्हा त्यामागे धूळ, एक चॉकलेटचा कागद आणि पूर्वीच्या मालकाने दिसेल तिथे जोडून ठेवलेल्या तारांचा गुंता निघाला. तो गुंता सोडवण्यात सकाळ गेली. पिवळी तार थेट बॅटरीची, म्हणजे यंत्राची स्मरणशक्ती शाबूत राहते. लाल तार किल्लीची, म्हणजे मोटार बंद तर गाणेही बंद. काळी तार मोटारीच्या अंगाला. स्पीकरसाठी मागच्या फळीवर गोल आखायला त्याने स्वयंपाकघरातून ताटली उचलली.

"ती माझ्या माहेरची हाय," कौसल्या दारातून म्हणाली.

"नुसतं माप घेतोय."

"मापच घ्या. नायतर तिच्यातूनच गाणं वाजवाल."

चारच्या सुमारास आवाज आला. गाणे लागले, लख्ख लागले, पण इंजिन चालू करताच त्याच्यामागे डासासारखी एक शिट्टी सुरू झाली आणि पाय दाबला की ती शिट्टी वर चढू लागली. देवानंदने सगळे सांधे तपासले. मग त्याच्या ध्यानात आले की काळी तार त्याने रंग लावलेल्या पत्र्यावर कसली होती. त्याने काच-कागदाने तो रंग खरवडला, खालचा पत्रा चमकेपर्यंत खरवडला, आणि तार पुन्हा कसली. शिट्टी गेली. स्पीकरमधून नुसते गाणे आले, भरदार, अंगणभर.

मग त्याने यंत्र पुढच्या काचेला चिकटवले, त्याचा आवाज एका बारीक तारेने स्टिरिओत सोडला आणि जवळपास एक चक्कर मारायला कौसल्येबरोबर आईलाही गाडीत बसवले. यंत्रातली गाणी वाजत होती. वळण आले की गाणे आपोआप थांबे आणि स्पीकरमधून ती बाई बोले : सौ मीटर बाद दाएँ मुड़िए.

गिरिजाबाई दचकल्या. "कोण हाय रे ही?"

"यंत्र हाय, माय."

"बाईच बोलली की. कोण्या गावची?"

"गाव न्हाई तिला."

"असं कसं? आडनाव तरी असंल."

कौसल्येला हसू आवरेना. "बघा, लोकायला नावं ठेवता. घरातच आडनाव विचारून राह्यल्या."

देवानंद हसला, पण जरा उशिराने. त्याला या बाईचे जे आवडले होते ते नेमके हेच होते. ती सांगे, विचारत नसे. पडद्यावर गावाचे नाव टाकले की कुणाकडे, कशाला, तुम्ही कोणाचे, असले काहीही न विचारता ती थेट त्या गावाला घेऊन जाई. पंचवीस वर्षांनी त्याला असे कुणी भेटले होते.

लग्नाच्या दिवशी ती बाई अंबडपर्यंत चोख बोलली, घनसावंगीपर्यंत बोलली. दोन्ही बाजूंना उसाची खोडकी जळून काळी पडलेली राने होती आणि रस्त्यावर वऱ्हाडाने भरलेल्या जीपा धावत होत्या. फाटा आला. बाईने डावीकडे वळायला सांगितले. देवानंदलाही डावीकडचीच वाट आठवत होती. ट्रंक खांद्यावर घेऊन तो त्याच वाटेने गेला होता. गाव हालले आहे हे त्याला माहीत होते. पण यंत्र गेल्याच वर्षीचे, त्यात पिंपळडोह नाव होते, आणि यंत्राचे नि आठवणीचे एकमत झालेले पाहून त्याला शंका घ्यायचे कारण दिसले नाही.

"लोकं तर सगळे उजवीकडं वळायले," कौसल्या म्हणाली.

"त्यांचं दुसरं लगीन असंल."

वाट अरुंद होत गेली. बाभळी दोन्ही अंगांनी मोटारीला ओरखडू लागल्या. एका चढावर गाणे थांबले आणि बाईने आनंदाने जाहीर केले की मंज़िल आली आहे.

समोर पार होता. पाराभोवती गाव नव्हते. पडक्या भिंती, दारांच्या रिकाम्या चौकटी, कमरेएवढे गवत, आणि त्यापलीकडे उन्हाने आटलेली गोदावरी. शाळेच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची गढूळ रेघ अजून दिसत होती. देवानंद खाली उतरला आणि पाराजवळ उभा राहिला. हात लांब करायलाही इथे आता कुणी उरले नव्हते.

"काय म्हणली ती?" गिरिजाबाईंनी आतून विचारले.

"पोचलो म्हणते."

"कुठं पोचलो? हितं कुत्रं बी न्हाई."

मोबाईलला रेंज नव्हती. ऊन डोक्यावर येत होते. तिकडे संघमित्रा हिरवे चुडे भरून आतल्या खोलीत बसली असेल, वरपक्षाची माणसे घड्याळ दाखवत असतील, आणि गोजरबाई दारात आडवी उभी राहून सांगत असेल की मामा आल्याशिवाय पोरगी उठणार नाही. गोजरबाई बोलली म्हणजे तसेच करणार. एका माणसाच्या जुन्या हट्टासाठी तिची भरल्या मांडवात शोभा होणार होती.

त्याने मोटार मागे फिरवली.

फाट्यावर बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत एक वयस्कर माणूस उभा होता. धुवट धोतर, पांढरी टोपी, काखेत रंगीत कागदात गुंडाळलेली कळशी. कौसल्येने काच खाली घेतली. "मी विचारते."

"नको," देवानंद म्हणाला. "मी विचारतो."

तो उतरला. एवढ्या वर्षांनी हे वाक्य त्याने आधी मनात एकदा जुळवून पाहिले. "नमस्कार. नवं पिंपळडोह कोणत्या रस्त्यानं?"

"कोणाकडं जायचं?"

"गोजरबाई खिल्लारेंकडं. लग्नाला."

"अरे वा! मंग मला बी घ्या की. आहेर आणाया घनसावंगीला गेल्तो, आता तिकडंच निघालो. कव्हाचा उभा हाय, पण जी जीप येते ती टपावरपस्तोर भरलेली."

कौसल्या उतरून मागे सासूजवळ बसली. म्हातारा कळशी मांडीवर घेऊन पुढे बसला आणि उजवीकडे हात केला. मोटार चालू होताच बाईने यू-टर्न घ्यायची सूचना दिली. म्हाताऱ्याने चमकून स्पीकरकडे पाहिले, मग खात्रीसाठी मागच्या दोघींकडे पाहिले.

"रस्ता सांगणारं यंत्र हाय," देवानंद म्हणाला. "जुन्या गावाला नेलं यानं."

"जुन्या? तिकडं आता काय हाय, साप!" म्हातारा खदखदून हसला. मग अपेक्षेप्रमाणे त्याची मान वळली. "पाव्हणं कोणतं गाव?"

"जालना."

"मूळचे?"

"तिथलेच."

"आडनाव?"

मागे कौसल्येच्या बांगड्या एकदाच वाजल्या. देवानंदने गिअर बदलला. "मगरे. देवानंद मगरे." आणि मग, पारावर जे त्याला सुचले नव्हते ते सुचले. "अन् तुमचं?"

"आमचं?" म्हातारा गडबडला. "आमचं तौर. अप्पाराव तौर." टोपी काढून त्याने पुन्हा घातली. "हितं मला आडनाव आजपस्तोर कुणी इचारलं न्हाई बघा. सगळ्यांना म्हाईतच." हे बोलता बोलता तो थांबला आणि एकदम देवानंदकडे पूर्ण वळला. "मगरे? मंजी मगरे गुरुजी? मामा तुमीच का?"

"मीच."

"अहो मंग बैलगाडीवानी काय चालवून राह्यले! जल्दी घ्या! सकाळी बेबीनंदा आमच्या दारात सांगून गेली, मगरे मामा आले की लगीन. समदा मांडव तुमच्या नावानं खोळंबला असंल!"

तेच आडनाव. या गावात पहिल्यांदा उच्चारले तेव्हा त्याने देवानंदला नाल्यापलीकडे नेऊन सोडले होते. आज ते ऐकून हा माणूस खिडकीतून हात बाहेर काढून समोरच्या बैलगाडीला बाजूला व्हायला सांगत होता. देवानंदने पाय दाबला.

नवे गाव सरकारने आखलेले होते. सरळ रस्ते, सारख्या भिंती, कोवळी झाडे. चौकात अप्पारावने डावीकडे बोट दाखवले. "शाळेकडं घ्या."

"वस्ती कुठं हाय?"

"तिकडंच. वस्ती आधी, मंग शाळा. मोकळी जागा त्याच अंगाला व्हती. आमच्या लोकायनं लई आरडाओरड केली, पोरांना वस्तीतून जावं लागतं म्हणून."

"मंग?"

"मंग काय? जातेत रोज." अप्पारावने कळशी सावरली. "तान लागली की पाणी बी पितेत वस्तीवर. आमची नात गोजरबाईकडंच पिते."

मांडव शाळेच्याच पटांगणात होता. वीज सकाळीच गेली होती. कर्णे मुके होते, आणि हातपंख्याने वारा घेणारी माणसे मोटारीचा आवाज ऐकून एकदम उठली. "आले, आले!" असा ओरडा झाला. गोजरबाई काठी टेकत पुढे आली. दृष्टी मंदावली होती, जीभ मंदावली नव्हती.

"या बारी कुठं पाठवलं रे तुला? वस्तीवर का नाल्यात?"

"या बारी शाळेकडं पाठवलं," देवानंद म्हणाला.

गोजरबाईने अप्पारावकडे पाहिले, मग शाळेकडे. "मंग बराबर आलास," ती म्हणाली. "जा. पोरगी ताटकळली."

त्याने संघमित्राला हाताला धरून मंडपात आणले आणि तो तिच्या मागे उभा राहिला. त्रिशरण झाले, पंचशील झाले. कर्णे नव्हते तरी काही अडले नाही. सगळ्या मांडवाने एका आवाजात म्हटले, आणि मागच्या रांगेत टोपी हातात धरून अप्पाराव शांतपणे उभा होता.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा मुलींनी तक्रार केली की लग्न आहे आणि गाणे नाही. देवानंदने मोटार मांडवाला लावली, चारही दारे उघडली आणि इंजिन चालू ठेवले. मागच्या फळीतले, माहेरच्या ताटलीच्या मापाचे स्पीकर पटांगणभर वाजू लागले. आवाजात शिट्टी नव्हती. मुली नाचल्या, बेबीनंदा नाचली, काठीसकट गोजरबाईने दोन पावले टाकली.

पंगतीला जागा हवी म्हणून त्याने मोटार थोडी पुढे घेतली, तसे गाणे अचानक थांबले. नाचणाऱ्या मुली हात वर करून तशाच राहिल्या, आणि भरल्या मांडवात ती बाई मोठ्याने म्हणाली : जल्द से जल्द यू-टर्न लीजिए.

मागच्या सीटवर पाय सोडून जिलेबी खात बसलेल्या गिरिजाबाईंनी तिला पहिल्यांदाच उत्तर दिले.

"गप बस, बाई. पोचलो आम्ही."